वाइल्डकॅट काडतूस : रिकाम्या फळीचा इतिहास आणि भरलेल्या फळीचा प्रश्न

१/ थ्रेड : अमेरिकेतील हौशी शिकाऱ्यांच्या वर्तुळात गेली शंभर वर्षे एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. हाताशी चांगली रायफल आहे, तिची काडतुसे कोणत्याही दुकानात मिळतात. तरीही एखाद्या कारागिराकडून 'वाइल्डकॅट' काडतुसासाठी खास रायफल बेतून घ्यावी काय? वरवर पाहता हा केवळ हौसेचा प्रश्न आहे. पण त्यात पैसा आहे, कित्येक महिन्यांचा वेळ आहे, आणि अखेरीस एका जिवंत जनावराला तत्काळ मृत्यू येणार की ते जखमी होऊन रानात भटकणार, हाही मुद्दा आहे. या प्रश्नाचे उत्तर मतमतांतरांपेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते.

२/ प्रथम शब्दाचा अर्थ. रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. कारखान्यात तयार होणाऱ्या काडतुसाची मापे ठरलेली असतात. अमेरिकेत ती ठरवणारी संस्था, 'स्पोर्टिंग आर्म्स अँड अम्युनिशन मॅन्युफॅक्चरर्स इन्स्टिट्यूट' अर्थात 'सामी', १९२६ साली स्थापन झाली. मापे ठरलेली असल्यामुळे एका कंपनीचे काडतूस दुसऱ्या कंपनीच्या रायफलमध्ये निर्धास्त बसते.

३/ वाइल्डकॅट या व्यवस्थेच्या बाहेर राहते. कोणी कारागीर एखादी प्रचलित पुंगळी घेतो, तिचा गळा आवळतो किंवा रुंदावतो, खांदा मागेपुढे सरकवतो, अंगाचा निमुळतेपणा कमी करतो. मग नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्याची जी जागा असते, ते चेंबर, नव्या आकारानुसार कोरतो. अशी काडतुसे कारखाना तयार करत नाही. ती मालकाने स्वतः घडवायची, स्वतः भरायची. रानमांजराला जसा कोणी धनी नसतो, तसेच या काडतुसालाही कोणी कारखानदार वाली नसतो.

४/ ही परंपरा अमेरिकेत फोफावली, त्याला कारणे होती. १९०६ साली अमेरिकी लष्कराने .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस स्वीकारले. नावातील .३० हे गोळीचे इंचातील माप आणि ०६ हे वर्ष. पहिल्या महायुद्धानंतर या काडतुसाच्या पुंगळ्या मुबलक झाल्या. स्प्रिंगफील्ड आणि माउझर जातीच्या मजबूत लष्करी रायफली हौशी कारागिरांच्या हाती आल्या. घरच्या घरी काडतुसे भरण्याची साधने मिळू लागली. विस्तीर्ण गवताळ प्रदेश होते, लांबवर दिसणारी जनावरे होती. अडचण एवढीच होती की त्या लांब पल्ल्याला साजेशी काडतुसे दुकानाच्या फळीवर फारशी नव्हती.

५/ या रिकाम्या फळीतून पहिली यशस्वी वाइल्डकॅट जन्मली. १९२०च्या सुमारास ए. ओ. नीडनर यांनी .३०-०६ची पुंगळी पाव इंचाच्या गोळीसाठी आवळली आणि .२५-०६ तयार झाले. हलकी गोळी, अधिक वेग, सपाट मार्ग. १९२२च्या सुमारास त्याच पुंगळीचा गळा उलट रुंदावून .३५ व्हेलन आले. कर्नल टाउनसेंड व्हेलन हे त्या काळचे मान्यवर शस्त्रलेखक, आणि या काडतुसामागे जेम्स हाऊ या कारागिराचा हात होता. एल्क आणि अस्वलासाठी जड गोळी हवी असलेल्यांना ते उपयोगी पडले.

६/ .३५ व्हेलनचे गमक नीट समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी जड गोळीची मोठी काडतुसे हवी असतील तर लांब मॅग्नम यंत्रणेची महागडी रायफल घ्यावी लागे. व्हेलनने साध्या लांबीच्या स्प्रिंगफील्ड किंवा माउझर रायफलमध्येच ते काम करून दाखवले. नळी बदलली की झाले; पुंगळी तर ढिगाने उपलब्ध होती. म्हणजे येथे वाइल्डकॅट ही काटकसर होती. आज तीच गोष्ट बहुधा उधळपट्टी ठरते. हा उलटफेर कसा घडला, यातच मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे.

७/ रिकाम्या फळीचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे .२२ हॉर्नेट. १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्ड आर्मरीशी संबंधित मंडळींनी, त्यांत ग्रोव्हनर वॉटकिन्स आणि व्हेलन हे प्रमुख, काळ्या दारूच्या जमान्यातील .२२ विंचेस्टर सेंटरफायर ही छोटी पुंगळी घेऊन तीत आधुनिक दारू भरली. शेताची नासधूस करणाऱ्या लहान जनावरांसाठी मोठ्या रायफलीचा धडाका नको आणि साध्या .२२चा तोकडा पल्लाही नको, अशी मधली गरज होती. ती इतकी खरी होती की विंचेस्टरने १९३० साली ही काडतुसे विक्रीस आणली, तेव्हा कारखान्यात बनलेली त्यांची रायफल बाजारात यायचीच होती. काडतूस आधी, बंदूक नंतर.

८/ दुसरा दाखला नेड रॉबर्ट्स यांचा. त्यांनी ७×५७ माउझरची पुंगळी पाव इंचाच्या गोळीसाठी आवळली. हरणालाही चालेल आणि उन्हाळ्यात शेतातील घुशीसारख्या वुडचकलाही चालेल, असे सौम्य धक्क्याचे काडतूस त्यांना हवे होते. रेमिंग्टनने थोडे फेरफार करून ते १९३४ साली बाजारात आणले आणि नाव ठेवले .२५७ रॉबर्ट्स. एका हौशी माणसाची गरज अनेकांची निघाली, म्हणून ते टिकले.

९/ तिसरा दाखला .२२-२५०चा. चार्ल्स न्यूटन यांनी रचलेले .२५०-३००० सॅव्हेज हे काडतूस १९१५ साली आले. सेकंदाला ३००० फूट हा वेग त्याच्या नावातच मिरवत होता. १९३०च्या दशकात वॉटकिन्स, जे. ई. गेबी, जे. बुशनेल स्मिथ आदींनी तीच पुंगळी .२२च्या गोळीसाठी आवळली. गेबी यांनी 'व्हार्मिंटर' हे नाव आपल्यापुरते नोंदवून घेतले, म्हणून इतर कारागीर त्याला नुसते .२२-२५० म्हणू लागले. १९६३ साली ब्राउनिंगने त्यासाठी रायफल विकायला काढली, तेव्हाही ते वाइल्डकॅटच होते. १९६५ साली रेमिंग्टनने ते कारखान्यात घेतले.

१०/ या साऱ्या यशस्वी प्रयोगांत तीन गोष्टी समान दिसतात. एक, उणीव नाव घेऊन सांगता येत होती : अमुक जनावर, अमुक अंतर, आणि त्यासाठी दुकानात काहीच नाही. दोन, मूळ पुंगळी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी होती. तीन, साध्या, प्रचलित यंत्रणेच्या रायफलीत ते काडतूस बसत होते. या तीनपैकी पहिली गोष्ट नसेल तर उरलेल्या दोन असूनही वाइल्डकॅट लवकरच विस्मरणात गेली. अशा विस्मृत काडतुसांची संख्या यशस्वी काडतुसांच्या कितीतरी पट आहे.

११/ उणीव नेहमी वेगाचीच असते असेही नाही. कधी ती कायदा निर्माण करतो. १९०७च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बाळगणाऱ्या बंडखोरांच्या हाती ती काडतुसे जाऊ नयेत, हा हेतू होता. हिंदुस्थानातील वाघ-गव्यांच्या शिकारीवर धंदा करणाऱ्या इंग्लंडमधील बंदूकवाल्यांना रातोरात नवी मापे शोधावी लागली. .४६५ हॉलंड अँड हॉलंडचा जन्म याच बंदीतून झाला आणि .४७० नायट्रो एक्स्प्रेसची भरभराटही याच काळात झाली. ही काडतुसे व्यापारी होती, वाइल्डकॅट नव्हती. पण खऱ्या उणिवेतून आलेले काडतूस टिकते, हा धडा तोच.

१२/ कधी उणीव जिवावर बेतते. १९५६ साली विंचेस्टरने .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणले. आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागे. ती काही वेळा गोळा होऊन नीट पेटत नसे आणि अपेक्षित वेग मिळत नसे. जॅक लॉट हे शिकारी १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याच्या हल्ल्यात जायबंदी झाले. पुढे १९७१च्या सुमारास त्यांनी .३७५ हॉलंड अँड हॉलंडच्या लांब पुंगळीवरून .४५८ लॉट रचले. त्यातील शहाणपण असे की गरज पडल्यास लॉटच्या चेंबरमध्ये साधे .४५८ही चालते. पुढे कारखान्यांनी ते स्वीकारले. अंगावर धावून येणाऱ्या रेड्यासमोर हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही.

१३/ आता दुसरी बाजू, अर्थात निव्वळ वेगाच्या हव्यासाची. वाइल्डकॅटच्या इतिहासातील सर्वांत मोठे नाव पार्कर ओटो ॲकली (१९०३–१९८९). कोलोरॅडोतील ट्रिनिडाड येथे त्यांनी बंदूक-कारागिरी केली आणि शिकवलीही. 'ॲकली इम्प्रूव्ह्ड' ही त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे : पुंगळीचे अंग जवळजवळ सरळ करायचे, खांदा ४० अंशांचा तीव्र करायचा, म्हणजे दारूला जागा वाढते. अशा चेंबरमध्ये कारखान्याचे मूळ काडतूस झाडता येते, आणि झाडताच पुंगळी फुलून नवा आकार घेते. पुंगळ्या घडवण्याचा त्रास यामुळे पुष्कळ हलका झाला.

१४/ पण ॲकली हे वेगाचे अंध भक्त नव्हते. रायफलींच्या यंत्रणा मुद्दाम फुटेपर्यंत ताणून त्यांनी त्यांची ताकद तपासली, आणि कोणती पुंगळी 'सुधारून' लाभ होतो व कोणती सुधारून होत नाही हे १९६२च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले. ज्याच्या नावावर शेकडो रायफली कोरल्या गेल्या, त्यानेच आपल्या प्रयोगांचा असा ताळेबंद मांडावा, ही गोष्ट आजच्या उत्साही मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१५/ ॲकलींचाच एक गमतीदार प्रयोग 'इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर' या थट्टेखोर नावाने ओळखला जातो; कानठळ्या बसवणारा असा त्याचा सूर. .३७८ वेदरबाय मॅग्नम ही हत्तीसाठी शोभेल अशी भलीमोठी पुंगळी आवळून .२२ची चिमुकली गोळी बसवली. ध्येय सेकंदाला ५००० फूट. गोळी त्याच्या बरीच अलीकडे, ४६००च्या आसपास थांबली. अरुंद नळीतून अमुकच दारू कामाला येते. त्यापुढची दारू आवाज करते, धक्का देते आणि नळीचे तोंड जाळते.

१६/ यामागचे गणित साधे आहे. भरणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा सांगतो की दाब आणि नळी तीच ठेवून दारूची जागा जितके टक्के वाढेल, त्याच्या सुमारे एक चतुर्थांश टक्के वेग वाढतो. जागा ८ टक्क्यांनी वाढली तर वेग सुमारे २ टक्क्यांनी. सेकंदाला २७०० फूट वेगाच्या गोळीला हा लाभ ५४ फुटांचा. रायफल २०० यार्डांवर नेमकी साधलेली असेल तर ३०० यार्डांवर गोळीच्या घसरणीत यामुळे पडणारा फरक एका इंचाहूनही कमी.

१७/ एवढ्या फरकाची किंमत रानात काय? डोंगर चढून दमलेला माणूस, धपापणारी छाती, गुडघ्यावर टेकवलेली रायफल, आडवा वारा. अशा स्थितीत चांगल्या नेमबाजाचीही गोळी त्याच अंतरावर कित्येक इंच इकडेतिकडे जाते. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला तरी जी चूक होते, तिच्यापुढे वाइल्डकॅटने मिळवून दिलेला तो अर्धा-पाऊण इंच बुडून जातो. कागदी तक्त्यावर स्पष्ट दिसणारा लाभ हरणाच्या छातीवर मोजता येत नाही.

१८/ पुंगळीच्या आकारावरच डोळा ठेवल्याने खरे कारण कसे निसटते, याचा उत्तम धडा १९५५ सालाने दिला. त्या वर्षी दोन कारखान्यांनी ६ मिलिमीटर गोळीच्या दोन वाइल्डकॅटवरून काडतुसे काढली. विंचेस्टरचे .२४३, ज्यामागे वॉरेन पेज यांच्यासारख्यांचे प्रयोग होते, आणि रेमिंग्टनचे.२४४, ज्याचे मूळ फ्रेड हंटिंग्टन यांच्या काडतुसात होते. रेमिंग्टनच्या पुंगळीत दारूला जागा किंचित जास्तच होती. कागदावर तिने जिंकायला हवे होते.

१९/ घडले उलटे. रेमिंग्टनच्या नळीतील आट्यांचा पीळ १२ इंचांत एक वेढा असा सैल होता. तो हलक्या गोळ्यांना साजेसा. विंचेस्टरचा पीळ १० इंचांत एक वेढा, त्यामुळे १०० ग्रेनची जड गोळी स्थिर राही. ग्राहकाला एकाच रायफलीने हरीणही मारायचे होते, म्हणून तो .२४३कडे गेला. १९६३ साली रेमिंग्टनने पीळ घट्ट करून त्याच काडतुसाला '६ मिलिमीटर रेमिंग्टन' हे नवे नाव दिले. तोवर वेळ निघून गेली होती. निकाल नळीच्या पिळाने आणि गोळीने लावला. आजही नव्या पुंगळीचा ध्यास घेणाऱ्याने आधी हे दोन घटक तपासावेत.

२०/ खर्चाचा हिशेबही पुंगळीपाशी थांबत नाही. चेंबर कोरण्यासाठी खास रीमर घडवावे लागते. पुंगळ्यांना आकार देणारे डाय खास बनवून घ्यावे लागतात आणि ते हाती येईपर्यंत शिकारीचा हंगाम उलटून जातो. गळा फार आवळला तर पितळ जाड होते, ते कातावे लागते. पितळ कडक झाले तर तापवून नरम करावे लागते. पुंगळी फुलवण्यासाठी झाडलेली प्रत्येक गोळी नळीचे आयुष्य खाते. रायफल विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळत नाही, कारण पुढच्या मालकाला हा सारा संसार नव्याने मांडावा लागतो.

२१/ यापेक्षा गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. प्रचलित काडतुसासाठी दारूचे प्रमाण प्रयोगशाळेत दाब मोजून प्रसिद्ध केलेले असते. वाइल्डकॅटचा मालक बहुधा अंदाजाने चालतो आणि प्रायमर चपटा झाला काय, पुंगळी अडकली काय, अशा खुणा पाहतो. या खुणा दिसेपर्यंत दाब सुरक्षित मर्यादेच्या पुढे गेलेला असू शकतो. शिवाय पुंगळीच्या बुडावरील ठसा मूळ काडतुसाचे नाव सांगतो आणि आतला माल वेगळाच असतो. मालकाच्या पश्चात ती रायफल आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातील ती काडतुसे ज्या मुलाच्या किंवा नातवाच्या हाती पडतील, त्याच्यासाठी हा सापळा आहे. वाइल्डकॅट घडवणाऱ्याने नळीवर नेमके नाव कोरून घेणे ही म्हणूनच किमान जबाबदारी ठरते.

२२/ नाव कोरूनही पेच सुटतोच असे नाही. .२८० ॲकली इम्प्रूव्ह्ड हे काडतूस नोस्लर कंपनीच्या पुढाकाराने २००७-०८च्या सुमारास सामीच्या प्रमाणात आले. पण जुन्या परंपरेने कोरलेले चेंबर आणि नवे प्रमाणित चेंबर यांच्या लांबीच्या मापात किंचित फरक आहे. नळीवर नाव एकच, आत मापे दोन. वाइल्डकॅट माणसाळले तरी जुन्या सवयी लगेच सुटत नाहीत, हे या उदाहरणावरून दिसते.

२३/ वाइल्डकॅटच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. ते म्हणतात, प्रत्येकाने नफातोटा पाहिला असता तर हॉर्नेट जन्मले नसते, .२२-२५० जन्मले नसते. लुई पामिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७५च्या सुमारास .२२० रशियन पुंगळीवरून ६ पीपीसी रचले आणि अचूक नेमबाजीच्या स्पर्धांचे चित्र पालटले. रॉय वेदरबाय यांनीही सुरुवात वाइल्डकॅटपासूनच केली आणि १९४५ साली कॅलिफोर्नियात दुकान थाटून तिचा उद्योग केला. कारखाने धाडस करत नाहीत. धाडस हौशी माणूस करतो. हे सारे ऐतिहासिकदृष्ट्या खरे आहे.

२४/ पण याच सत्याचा पुढचा भागही पाहावा लागतो. या हौशी मंडळींच्या यशामुळेच फळी भरली. .२५-०६ १९६९ साली कारखान्यात आले, .३५ व्हेलन १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. .३०८ची पुंगळी आवळून केलेले ७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन १९८० साली आले, .२६० रेमिंग्टन १९९७ साली, ६.५ क्रीडमूर २००७ साली. पूर्वीच्या पिढीला जे स्वतः घडवावे लागे, ते आज खोक्यात भरून विकत मिळते. वाइल्डकॅटच्या विजयानेच पुढच्या वाइल्डकॅटची गरज कमी केली. म्हणून १९२२ सालचा युक्तिवाद आज जसाच्या तसा वापरता येत नाही. वेदरबाय यांनीही हे ओळखले होते : आपल्या रायफलींसाठी तयार काडतुसे विकायची सोय केल्यावरच त्यांचा धंदा मोठा झाला.

२५/ प्रचलित काडतूस कमी पडते, या समजाला जुन्या शिकाऱ्यांचे अनुभव दुजोरा देत नाहीत. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ साली भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बीची होती. हे ७×५७ माउझरचेच इंग्रजी नाव. त्याच काडतुसाने डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. आजच्या दृष्टीने ती कत्तल अभिमानाची बाब नव्हे, आणि हत्तीसाठी एवढे हलके काडतूस वापरणे सामान्य शिकाऱ्याने अनुसरावे असेही नव्हे. पण गोळी कोठे बसावी याचे बेल यांचे शरीरशास्त्राचे ज्ञान आणि कॉर्बेट यांची रानातील पारख यांची जागा कोणतीही पुंगळी घेऊ शकत नाही, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते.

२६/ येथे जनावराचा प्रश्न निर्णायक ठरतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषयच संपला. जेथे ती कायदेशीर आहे, तेथे शिकाऱ्यावर पहिले कर्तव्य हे की जनावर तडफडत राहू नये. त्यासाठी सराव लागतो, भरपूर लागतो, आणि तो शिकारीच्या स्थितीत बसून, उभे राहून करावा लागतो. ज्याची काडतुसे दुकानात मिळतात तो शेकडो गोळ्या झाडून हात बसवतो. ज्याला प्रत्येक पुंगळी घडवावी लागते तो गोळ्या जपून वापरतो. महागड्या, दुर्मीळ काडतुसाचा मालक सरावात मागे पडला, तर त्याच्या हौसेची किंमत मुके जनावर चुकवते.

२७/ मग निर्णय कसा करावा? इतिहासाच्या आधारे तीन प्रश्न पुरेसे आहेत. कोणते जनावर, किती अंतर आणि कोणती गोळी, यांची नावे घेऊन सांगता येईल अशी उणीव आहे काय? ती उणीव आज विकत मिळणाऱ्या एकाही काडतुसाने, नळीचा पीळ किंवा गोळी बदलूनही, भरून निघत नाही काय? आणि सामानातील काडतुसे प्रवासात हरवली तर त्या रायफलीत दुसरे काही सुरक्षितपणे चालेल काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर रायफल खुशाल घडवावी. .४५८ लॉट या कसोटीला उतरले असते. आजचे बहुतेक बेत पहिल्याच प्रश्नाशी अडखळतील.

२८/ याचा अर्थ कारागिराकडे जाऊ नये असा नव्हे. खास बेतून घेतलेल्या रायफलीचे खरे गुण काडतुसाच्या नावात नसतातच. खांद्याला आणि गालाला नेमका बसणारा दस्ता, गोळीला साजेशा पिळाची उत्तम नळी, सरळ आणि नेटके कोरलेले चेंबर, हलका व स्वच्छ सुटणारा घोडा, डोंगरात वाहून नेता येईल असे वजन. हे सर्व .२७०, .३०-०६ किंवा ७×५७सारख्या जुन्या, प्रचलित काडतुसातही मिळते आणि प्रत्येक गोळीगणिक उपयोगी पडते. कारागिरीवर पैसा खर्च करायचाच असेल तर तो येथे करावा.

२९/ आणि ज्याला घडवण्याचाच आनंद हवा आहे, पितळाशी, रीमरशी, मापांशी हिवाळाभर झटण्यात ज्याला समाधान आहे, त्याने तेही अवश्य करावे. फक्त आपण छंद करत आहोत हे स्वतःशी कबूल करावे आणि त्याला शिकारीच्या गरजेचे नाव देऊ नये. नीडनर, रॉबर्ट्स, वॉटकिन्स, लॉट यांच्यासमोर उणीव आधी होती, काडतूस नंतर आले. आजची बहुतेक वाइल्डकॅट काडतूस आधी रचून उणीव शोधत फिरतात. भरलेल्या फळीसमोर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला, नव्या पुंगळीपेक्षा नव्या गोळ्यांची दोन-चार खोकी आणि मोकळ्या मैदानातील सरावाच्या काही सकाळी अधिक लाभदायक ठरतील.

(समाप्त)